हायझेनबर्ग भारतात आला तेव्हा शोध लागून गेला होता

परवा भाचीने विज्ञान दिनाचं भाषण पाठवलं. "मामा, फक्त शुद्धलेखन बघ." दुसऱ्याच परिच्छेदात तो फॉरवर्ड जसाच्या तसा: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग भारतात येऊन उपनिषदं शिकला, त्यातून त्याला अनिश्चिततेचं तत्त्व सापडलं, 'वेदान्त वाचलेल्याला क्वांटम सिद्धान्त हास्यास्पद वाटणार नाही' असं तो म्हणाला, आणि हे तत्त्व म्हणजेच माया. घरच्या ग्रुपवर हे तीनदा आलं तेव्हा मी गप्प बसलो. आता पोरगी माइकवर हेच बोलणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

आधी तारखा बघा. जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचा हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीने बेजार होऊन गटिंगेनहून हेलगोलांड बेटावर गेला. चेहरा इतका सुजलेला, की तिथल्या घरमालकिणीला वाटलं, हा मारामारी करून आलाय! तिथेच एका रात्री तीनच्या सुमारास त्याच्या क्वांटम सिद्धान्ताचं गणित जुळलं. झोप येईना, म्हणून कड्यावर चढून तो सूर्योदयाची वाट बघत बसला. हे त्याने स्वतःच आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. अनिश्चिततेचा लेख १९२७ चा, कोपनहेगनमधला. आणि भारतात तो आला १९२९ च्या ऑक्टोबरात. साधी वजाबाकीसुद्धा करायची नाही का पुढे ढकलण्याआधी?

कलकत्त्यात तो रवींद्रनाथ ठाकुरांना भेटला, भारतीय तत्त्वज्ञानावर बोलणं झालं, हे खरं. त्या बोलण्याने आपल्याला बळ मिळालं असं तो पुढे म्हणाल्याचंही छापून आलंय. असेल. पण झालेल्या कामाला बळ मिळणं वेगळं, आणि काम तिथून उचलणं वेगळं.

आणि वेदान्त वाचलेल्याचं ते वाक्य? त्याखाली ना पुस्तकाचं नाव, ना साल. वेदान्तात मनापासून रमलेला होता तो श्रोडिंगर, क्वांटम सिद्धान्ताचा दुसरा शिल्पकार, ऑस्ट्रियाचा. हायझेनबर्ग कोवळ्या वयात वाचत होता प्लेटो.

सगळ्यात चीड येते ती 'माया'ची. सगळंच अनिश्चित, असं हे तत्त्व म्हणतच नाही. इलेक्ट्रॉनची जागा जितकी नेमकी ठरेल तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कमी नेमका. आणि दोन्हींतल्या अनिश्चिततेचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाला (क्वांटम सिद्धान्तातली एक ठरलेली, अगदी लहान संख्या) ४π ने भागून येणाऱ्या आकड्याखाली कधीच जात नाही. अनिश्चितता किमान किती, हे ते आकड्यात सांगतं! तो आकडाच काढून घेतला तर पोरीच्या हाती भौतिकशास्त्रातलं काय उरतं?

भाचीने परिच्छेद खोडलाय. आता तिथे हेलगोलांडची ती रात्र आहे, घरमालकिणीसकट.