परदेशातून : मावशीची तीन ओळखपत्रं

लालबागला मावशीच्या घरी बिस्किटांच्या डब्यात तिची तीन ओळखपत्रं आहेत. फोटो एकच, कंपन्या तीन आणि रुजू झाल्याच्या तारखाही तीन. काम मात्र एकच : परळच्या एका रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावरची साफसफाई, गेली अकरा वर्षं. टेंडर बदललं की कंत्राटदार बदलतो आणि मावशी पुन्हा नवी होते. ग्रॅच्युइटीला सहसा सलग पाच वर्षं लागतात. तिची चार, चार आणि तीन झाली. कुठेच भरली नाहीत.

मी लंडनमध्ये नोकरी करते. इथेही आमच्या ऑफिसची सफाई बाहेरच्या कंपनीकडेच आहे. गेल्या वर्षी ती कंपनी बदलली. सकाळी लवकर येणाऱ्या बाईंच्या अंगावर निळ्याऐवजी हिरवा एप्रन आला, एवढाच फरक मला दिसला. मी विचारलं तेव्हा त्यांनी फोनवर नव्या कंपनीचं पत्र दाखवलं. सेवेची सुरुवात म्हणून त्यात जुनीच तारीख होती. पगार तोच, रजाही त्याच. या नियमाला इथे 'टुपी' म्हणतात. तो १९८१ साली आला आणि २००६ मध्ये सुधारला. काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलं, तर ते करणारी माणसं आपल्या वर्षांसकट तिकडे जातात.

आपल्याकडचा कंत्राटी कामाचा वाद मी इथून वाचत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदं नऊ खासगी संस्थांमार्फत भरण्याचा शासन निर्णय निघाला, तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक संपावर गेले होते. एक बाजू म्हणते, कंत्राट पूर्ण बंद करा. दुसरी म्हणते, पालिकेला परवडत नाही. या ओढाताणीत मावशीची अकरा वर्षं कुणी मोजतच नाही.

मी कंत्राटाच्या सरसकट विरोधात नाही. आमच्या कंपनीची बिलं मालाडच्या माइंडस्पेसमधली मुलं रात्रपाळी करून बघतात, त्यावर त्यांची घरं चालतात आणि माझंही. इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असंही नाही : जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बडी ठेकेदार कंपनी बुडाली, तेव्हा रुग्णालयांची बांधकामं अर्धवट राहिली.

पण वर्षं पुसली जाणं हा निव्वळ अन्याय आहे आणि तो थांबवायला कुणाला कायम करण्याचीही गरज नाही. कायम होण्याची वाट फार लांबची आहे. मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, पण त्याआधी त्यांची संघटना वर्षानुवर्षं कोर्टात लढत होती. एकटी मावशी कुठे लढणार? पालिकेने, रुग्णालयांनी, मोठ्या सोसायट्यांनी टेंडरमध्ये एवढंच लिहावं : आहेत ते कामगार घ्यायचे, त्यांच्या पहिल्या तारखेसकट. बोली थोडी महाग होईल. होऊ दे. आज तो फरक मावशीच्या खिशातून जातो आहे.

काल फोनवर ती म्हणाली, एप्रिलपासून नवा ठेकेदार येतोय, दोन फोटो घेऊन बोलावलंय.