मित्राचा वाडा फुटताना घ्यायची काळजी

तुम्ही चाळिशीला टेकला असाल आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहत असाल, तर येत्या वर्ष-दोन वर्षांत एखाद्या जिवलग मित्राचा वाडा फुटणार, म्हणजे भावाभावांत वाटणी होणार, हे धरून चाला. वडील जातात, तेराव्याची पंगत उठते आणि पत्रावळी उचलायच्या आत कुणीतरी विचारतं, "मग, पुढे काय ठरलंय?" हे विचारणारे तुम्ही असाल तर उत्तम. नसाल तर मागे पडलात.

वाईट वाटून घेण्यासारखं यात काही नाही. आपलं लष्कर मुळात छावणीच. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली इथे तळ ठोकला, तो हलवायचा राहून गेला. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांत भाडेकरू घुसले ते आजोबांच्या वेळचं भाडं देत अजून बसलेत, आणि आता वाडे पाडून फ्लॅट होताहेत. छावणीच्या मानाने दोनशे वर्षांचा मुक्काम जास्तच झाला. सांत्वनाला हे वाक्य चालेल. मी वापरून पाहिलं. मित्र काही बोलला नाही, म्हणजे पटलं असावं.

आता मुख्य पथ्य. कुणा एकाची बाजू घेऊ नका, दोघांची घ्या. तुमचा मित्र धाकटा, पण थोरल्याच्या स्कूटरवर तुम्ही गाडी शिकलात, तेव्हा त्याचाही तुमच्यावर हक्क आहे. सकाळी थोरल्याबरोबर बेडई पुरी खा आणि "तो पहिल्यापासून हट्टीच" म्हणा. संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात धाकट्याबरोबर चहा घ्या आणि "दादा बदलला यार" म्हणा. इकडचं तिकडे नेताना सुरुवातीला "तुला म्हणून सांगतो" एवढं जोडायला विसरू नका. त्याने बातमीला वजन येतं आणि तुमच्यावर काही येत नाही.

मग कायदा. चाळिशीनंतर प्रत्येक ग्वाल्हेरकर अर्धा वकील होतो, तुम्हीही व्हा. फक्त काय माहीत आहे याच्याइतकंच ते कुणाला सांगायचं नाही, हेही महत्त्वाचं. उदाहरणार्थ, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ती दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे ताईला मुळीच सांगू नका. ताई नागपूरहून येते, दोन दिवस राहते, तिला पैठणी नेसवतात आणि पदर सावरता सावरता हकत्यागाच्या कागदावर सही होते. "आमची ताई मनाने राजा आहे" हे वाक्य त्या वेळी दोन्ही भाऊ एका सुरात म्हणतात. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट, तिच्यात तुम्ही खोडा घालणार का?

खरी कसोटी देवघराची. वाटणीच्या दिवशी तुम्हाला घरचे म्हणून बसवतील. टाक पाच आहेत, भाऊ दोन. थोरला म्हणेल, कुलदैवत थोरल्याकडेच राहतं. धाकटा म्हणेल, मग चांदीचा हिशेब तरी करा. कुणीतरी आतून केकचं सामान मोजायचा इलेक्ट्रिक काटा आणतं. स्टीलची वाटी आधी नुसती ठेवतात, मग तिच्यात खंडोबा. आकडा हलत राहतो. टाकाच्या खाचांत वर्षानुवर्षांचा भंडारा घट्ट बसलेला असतो, तो धरून वजन घ्यायचं की काढून, यावर दोन सुशिक्षित माणसं, त्यातला एक इंजिनिअर, दहा मिनिटं भांडतात. शेवटी टूथब्रश येतो. काकू दाराला टेकून उभ्या असतात. त्या एवढंच म्हणतात, "आधी हात धुवा रे." अशा वेळी मोबाईलमध्ये बघावं. मी पूर्ण वेळ हवामान बघत होतो. किमान तापमान पाच होतं.

नंतर काकू. त्यांची वाटणी सोपी, कारण वजन करावं लागत नाही. चैत्र ते भाद्रपद थोरल्याकडे गावातच सिटी सेंटरला, आश्विन ते फाल्गुन धाकट्याकडे पुण्याला. (धाकटा पुण्याला का, तर मुलाचं कॉलेज तिथे, बायको दोन वर्षांपासून तिथे, आणि त्या दोघांत नेमकं काय चाललंय हे विचारायचं नसतं, फक्त चर्चायचं असतं.) व्यवस्था पंचांगाला धरून आहे. पितृपंधरवडा थोरल्याच्या वाट्याला, दिवाळी धाकट्याच्या. अडचण एवढीच निघाली की 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे थोरल्याच्या खात्यात एक महिना जास्त. वहिनींनी ते बरोबर हेरलं. अधिक महिना पुण्याचं काम म्हणतात, पण ते कुणी करायचं याचा निर्णय धर्मसिंधूत सापडला नाही.

आई-वडिलांना सांभाळण्याचाही कायदा आहे, 2007 चा. सांभाळायच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत मुलांनी हेळसांड केली तर रद्द करून घेता येते, असं त्यात आहे. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादाही त्यात आहे, महिना दहा हजार. यातलं दहा हजाराचं तेवढं सांगा. ऐकणाऱ्याला हायसं वाटतं.

बिल्डरची बयाणा रक्कम आली की थोरला ग्वाल्हेरच्या मेळ्यात जाऊन गाडी घेईल. 1905 साली गुरांच्या बाजारापासून सुरू झालेला आपला मेळा आता रोड टॅक्सच्या निम्म्या सुटीसाठी ओळखला जातो, त्यामुळे जानेवारीपर्यंत थांबायचा संयम या घराण्यात अचानक दिसू लागतो. पेढे घ्या. गाडीत बसून बघा. "काकांना फार आनंद झाला असता" म्हणा. काका आयुष्यभर सायकलवर शाळेत गेले, हे आठवलं तरी पेढा तोंडात असल्यामुळे बोलता येत नाही, ही पेढ्याची मोठी सोय आहे.

मित्राचे फोन या काळात रात्री अकरानंतर येतील. रिकाम्या वाड्यातून येतील, कारण भावाने कपाटं नेलीत आणि आवाज घुमतो. विषय काहीच नसतो. "झोपला होतास का?" असं विचारेल. हो म्हणा. एकदा बोलत बसलात की तो जिन्याखालच्या खोलीबद्दल बोलणार, तुम्हालाही ती आठवणार आणि सकाळी ऑफिसला उशीर होणार.

सगळं वाटून झाल्यावर कुणालाच नको असलेल्या वस्तू अंगणात उरतात. फुटका बंब, पाटा, पण वरवंटा नाही, आणि कॅरमबोर्ड. कॅरम उलटा केला तर मागे खिळ्याने कोरलेली दोन नावं दिसतील, खाली 1994. एक नाव तुमचं असेल. भंगारवाला किलोवर लाकूड घेत नाही, म्हणून तो घरी आणावा लागेल. आणलात की कपाटामागे उभा करून ठेवा आणि मुलांना दाखवू नका, ती खेळू म्हणतील.

पाडवा झाला की मित्र झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाईल. स्टेशनवर जायचं टाळा. बाड्यावर टेम्पो अडकला हे कारण या गावात कुणीही मान्य करतं. मीही तेच दिलं.

आणि स्ट्रायकर शोधत बसू नका, तो कॅरमबरोबर आलेलाच नाही. शर्टाच्या खिशात होता त्याच्या. गाडी हलल्यावर त्याने तो काढून खिडकीतून हात बाहेर केला आणि फलाटावर इकडेतिकडे बघत होता, असं काकू सांगत होत्या.

त्यांनाही टेम्पोचंच सांगा.