हेडलाइटमधलं पाणी कसं टिकवावं

पावसाळा लागला की सकाळी हेडलाइटच्या काचेला आतून बारीक दव धरलेलं दिसतं. अशा वेळी अजिबात स्वस्थ बसू नका. सर्व्हिस सेंटरवाला म्हणेल, "साहेब, नॉर्मल आहे, लाइट लावून जरा फिरवून आणा, जाईल." बिचारा एरवी काय काय सांगतो आणि आपण पैसे मोजतो. नेमकं खरं बोलला की आपल्याला शंका येते.

हेडलाइटला मागच्या बाजूला हवा खेळायला बारीक वाट ठेवलेली असते. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते, निवला की बाहेरची आत शिरते. जुलैत ती दमटच असणार. तर हे भोक म्हणजे कंपनीचा निष्काळजीपणा समजून एम-सीलने बुजवा. आत आलेल्या वाफेला मग कुठेच जाता येणार नाही.

दव दोन दिवसांत न जाता थेंब ओघळून तळाशी पाणी साचू लागलं, तर समजायचं, आपण प्रगती करतोय. जोड सुटलाय, काचेला चीर गेलीय किंवा बल्बमागचं रबरी टोपण नीट बसलेलं नाही. यातलं टोपण तर मुळीच तपासू नका. दोन मिनिटांत, फुकटात काम झालं तर गॅरेजवाल्याने खायचं काय? उलट बाजारातलं झगझगीत एलईडी किट बसवा. त्याच्या मागच्या पंख्यामुळे टोपण बसेनासं झालं, की ते डिकीत टाका. जुना ५५-६० वॉटचा हॅलोजन निदान काच शेकायचा. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघून जाते, काच गारच राहते. दव खूश.

वॉशिंगवाल्याला प्रेशर गन काचेच्या जोडावर अगदी जवळून मारायला सांगा. घरी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत सोडा. ओलावा पिऊन निकामी झाल्या तरी काढू नका, हाय बीम लावल्यावर त्यांची सावली छान पडते. आणि बल्बच्या भोकातून बोटाला फडकं गुंडाळून आत पुसाच. रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा फडक्यावर येतो आणि मागे काळपट पट्टा उरतो. मग नवीन हेडलाइटची किंमत ऐका. बसून ऐका.

रात्री ताम्हिणीत पुढचं दिसलं नाही, तर धुकं फार होतं म्हणून सांगावं. गाडी विकायची झाली, तर गिऱ्हाईकाला मे महिन्यात, भर दुपारी बोलवावं. काचेतल्या पाण्याच्या डागांबद्दल त्याने विचारलंच, तर टॉप मॉडेलला तसं डिझाइन येतं.