बल्बमध्ये करंट संपतो का?

नागपूरच्या प्राध्यापक मित्रांशी फोनवर बोलताना सध्या हमखास शोधनिबंधांचा विषय निघतो. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही बंद केली. काहींना हायसं वाटलं. काही म्हणतात, पैसे घेऊन छापणाऱ्यांना आता रान मोकळं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण संशोधन कशावर करायचं, हे या वादात कोणी विचारत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

मी राहतो ते कील हे उत्तर जर्मनीतलं बंदराचं शहर. विज्ञान कसं शिकवावं यावर संशोधन करणारी आयपीएन ही संस्था इथे १९६६ पासून आहे. तिथले प्रश्न ऐकायला अगदी साधे असतात. बॅटरीला दोन बल्ब एकापुढे एक जोडले, तर दुसऱ्याला करंट कमी मिळेल का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतात. पहिला बल्ब थोडा करंट खाऊन टाकतो, असं त्यांना वाटतं; खरं तर दोन्हींतून करंट सारखाच वाहतो. ओहमचा नियम तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा! मुलांच्या अशा समजुतींवर झालेल्या अभ्यासांची सूची याच संस्थेतल्या हेल्गा फुंट आणि राइंडर्स डुइट यांनी केली. तिच्यात आठ हजारांहून जास्त नोंदी आहेत. जर्मनीतल्या कितीतरी विद्यापीठांत तर भौतिकशास्त्राच्या विभागातच, ते शिकवण्यावर संशोधन करणारे प्राध्यापक असतात.

आपल्याकडे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी नॅनोकणांवर काम करतो, एम.एड.चा प्रश्नावल्या भरून घेतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. प्रॅक्टिकलला लोलकावरून काढलेलं गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९८० च्या जवळ येईना, की मुलं उत्तरावरून उलटी रीडिंग बसवतात, हे काय विदर्भात कोणाला माहीत नाही? ती असं का करतात, हा पीएच.डी.चा विषय आहे. भंडारा-गोंदियाची मुलं सेमी-इंग्रजीतून शिकताना नेमकी कुठे अडतात, हाही आहे. कील त्याचं उत्तर देऊ शकणार नाही. ते नागपूर विद्यापीठानेच शोधायला हवं.

इथलं सगळंच घेण्यासारखं नाही. २००७ च्या कायद्याने इथले तरुण संशोधक वर्षानुवर्षं मुदतीच्या करारावर राहतात. २०२१ मध्ये त्याविरुद्ध मोठा आवाज उठला. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना ही टांगती तलवार समजावून सांगायला नको.

पैशाची सबब मात्र मला पटत नाही. या कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत, आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हेच करत आलं आहे. खरी अडचण वेगळी आहे. असा प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला उद्या मुलाखतीत ‘हे भौतिकशास्त्र नव्हे’ म्हणून परत पाठवतील, ही भीती. म्हणून आधी भौतिकशास्त्राच्या विषय-समितीनेच हा विषय आपला म्हणून मंजूर करावा, आणि मार्गदर्शक दोन द्यावेत: एक विज्ञानाचा, एक शिक्षणशास्त्राचा.