कोल्हापूरची लोकसभा आणि आमची ईर्षा

२०१४ ला राष्ट्रवादी, २०१९ ला शिवसेना, २०२४ ला काँग्रेस. यावर टीव्हीवाले "कोल्हापूरकरांचं मतपरिवर्तन" म्हणून तासभर चर्चा झोडतात. अहो, कसलं मतपरिवर्तन! हितं ईर्षा चालते. कोण निवडून येणार यापेक्षा कुणाला पाडायचं, हे आधी ठरतं.

सदाशिवराव मंडलिक बघा. १९९८ ला काँग्रेस, १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादी, २००९ ला अपक्ष. चारही वेळा खासदार तेच! पक्ष बदलला तरी गट जाग्यावर.

२०१४ ला राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांसाठी काँग्रेसचे सतेज पाटील राबले, महाडिक ३३,२५९ मतांनी आले. त्याच वर्षी विधानसभेला 'कोल्हापूर दक्षिण'मध्ये महाडिकांचे चुलतभाऊ अमल भाजपकडून उभारले आणि सतेज पाटील पडले. हे इथला माणूस विसरतोय होय? २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार पुन्हा महाडिकच, पण काँग्रेसचे कार्यकर्ते "आमचं ठरलंय" (म्हणजे महाडिकांना पाडायचं) म्हणत फिरत होते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हात, तिथनं धनुष्यबाणाला मतं पडली. सदाशिवरावांचे चिरंजीव, शिवसेनेचे संजय मंडलिक २,७०,५६८ मतांनी विजयी. मोदींची लाट होती, नाही म्हणत नाही. पण एवढं लीड नुसत्या लाटेचं नव्हे.

आणि हीच ती जागा, जिथं १९७७ ला शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई १६५ मतांनी आले होते. त्या निवडणुकीत देशातलं सगळ्यात कमी मताधिक्य! एखादी भावकी रुसली असती तरी निकाल फिरला असता. पुढं १९८० पासून काँग्रेसचे उदयसिंहराव गायकवाड सलग पाच वेळा. म्हणजे कोल्हापूर उठसूट बदलतं असंही नाही.

२०२४ ला काँग्रेसकडून छत्रपती घराण्यातले शाहू महाराज १,५४,९६४ मतांनी आले, तर म्हणे गादीचा मान. मान आहेच. मग २००९ ला त्यांचेच चिरंजीव संभाजीराजे ह्याच मतदारसंघात कसे पडले? आणि २०२४ च्याच नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या १० पैकी एकही आमदार महाविकास आघाडीचा का आला नाही?

'गोकुळ' या जिल्हा दूध संघाची सत्ता २०२१ ला सतेज पाटील आणि हसन मुश्रीफांनी मिळून घेतली. २०२४ च्या लोकसभेला सतेज पाटील शाहू महाराजांच्या प्रचारात, मुश्रीफ संजय मंडलिकांच्या. सकाळी संस्थेत दूध घालून फॅटची चिठ्ठी खिशात टाकणाऱ्यानं ऐकायचं कुणाचं?