लो सोडियम मीठ: आधी क्रिएटिनिन बघा

लो सोडियम मीठ, म्हणजे ज्यातलं थोडं सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलंय असं मीठ, वापरल्यास स्ट्रोक कमी होतात, असं सांगणारा एक लेख वाचला. त्यात चीनमधल्या अभ्यासाचा निष्कर्ष बरोबर दिलाय, पण अर्धाच. २०२१ च्या त्या अभ्यासात ६०० गावांतले सुमारे २१ हजार लोक होते: आधी स्ट्रोक होऊन गेलेले, किंवा साठी ओलांडलेले आणि बीपी असलेले. मीठ ७५ टक्के सोडियम क्लोराइड, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

म्हणून डबा बदलण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनी किती काम करते ते कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. स्पायरोनोलॅक्टोन (अशीच पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर हे मीठ नकोच. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं; त्या घेणाऱ्यांनी, विशेषतः जुना मधुमेह असेल तर, डॉक्टरांना विचारूनच. किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकली नाही तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बहुतेकदा आधी काहीच जाणवत नाही.

दुसरं, चीनच्या त्या खेड्यांत बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जातं. आपल्या इंदूरात? सकाळी पोह्यांवर मूठभर सेव, वर जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा खारट मसाला), जेवताना लोणचं. डब्यातलं मीठ बदलून यातलं काहीच बदलत नाही. मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक चहाचा चमचा! शिवाय लो सोडियम मीठ पोटॅशियममुळे किंचित कडवट लागतं, म्हणून लोक वरून साधं मीठ भुरभुरतात.

आणि सैंधव म्हणजे लो सोडियम नव्हे. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.