शब्द कळत नाहीत? छे!

लाइव्ह रॅपमध्ये शब्द कळत नाहीत, हेडफोनच बरे, हे एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. मुंबईचा रॅपर डिव्हाइन, त्याला मी समोर उभं राहून ऐकलंय. रॅपर नेझीसोबतचं त्याचं २०१५चं गाणं ‘मेरे गली में’ सुरू झालं, डीजेने मध्येच बीट काढून घेतली, माइक पब्लिककडे वळला आणि पुढची अख्खी ओळ लोकांनीच म्हटली. शेजारचा पोरगा तर डोळे मिटून, बोटांवर ताल धरून. अंधेरीच्या जे. बी. नगरचा हा डिव्हाइन गल्लीच्याच भाषेत बोलतो, म्हणून ते असं पाठ होतं! आवाज नीट बसवला नाही तर बासच्या घुमणाऱ्या आवाजाखाली शब्द दबतात, मान्य. पण तो दोष साउंडचा. पुढच्या वेळी स्टेजला चिकटू नका, साउंडवाला जिथून आवाज कमीजास्त करतो त्या कन्सोलजवळ उभे राहा. तिथे शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो.